टेकडीची राखण

बोरीवली स्थानकाच्या पश्चिमेस उतरून गोराई खाडीच्या दिशेने जाणाऱ्या प्रवाशास, म्हाडाच्या वसाहतींच्या रांगा संपता संपता, खाडीच्या काठाशी एक सपाट माथ्याची हिरवी टेकडी दिसते. आणि हा प्रवासी नवखा असेल तर साष्टीच्या किनारपट्टीवर अशा लहानमोठ्या टेकड्या असावयाच्याच, असे मनाशी म्हणून तो पॅगोड्याकडे जाणारी लाँच गाठण्यासाठी जेट्टीची वाट धरतो. ती टेकडी निसर्गाने घडविलेली नाही. 1972 पासून 2007 पर्यंत पश्चिम उपनगरांनी आपल्या घरांतून, बाजारांतून, दवाखान्यांतून आणि लहानसहान कारखान्यांतून जे जे टाकून दिले, त्याचा सुमारे 23 लाख टनांचा, 19.6 हेक्टरांवर पसरलेला आणि बंद होण्यापूर्वी सरासरी 26 मीटर उंचीस पोहोचलेला तो ढीग आहे. जुने रहिवासी तिला आजही टेकडी म्हणत नाहीत, ‘डम्पिंग’ म्हणतात, आणि पत्ता सांगताना ‘डम्पिंगच्या अलीकडे’ किंवा ‘डम्पिंगच्या मागे’ असे सांगतात.

त्या ढिगाला टेकडीचे रूप देण्याचे जे काम मुंबई महानगरपालिकेने 2007 नंतर केले, त्याचे श्रेय तिला मोकळ्या मनाने दिले पाहिजे, कारण त्या काळी आपल्या देशातील बहुतेक शहरांत डम्पिंग बंद करणे म्हणजे फाटकाला कुलूप लावून दुसरीकडे ट्रक वळविणे, एवढाच अर्थ होता. येथे कचऱ्याचे उभे कडे तासून उतार सौम्य करण्यात आले, माथ्यावर मातीचे आणि पाणी आत झिरपू न देणाऱ्या आवरणाचे थर घालण्यात आले, ढिगाच्या पोटातून निघणारे काळे, दूषित पाणी तिवरांत आणि तेथून खाडीत जाऊ नये म्हणून अटकाव करण्यात आला, आणि कुजण्यातून निर्माण होणारा मिथेन वायू नळ्यांवाटे ओढून घेऊन जाळून टाकण्याची व्यवस्था झाली. ओहोटीच्या वेळी चिखलावर उतरलेला काळा तवंग आणि पश्चिमेचा वारा सुटला की चारकोपपर्यंत पोहोचणारी दुर्गंधी ज्यांनी वर्षानुवर्षे सोसली, त्यांना ह्या कामाची किंमत कोणी समजावून सांगावयास नको.

आणि सोसणारे तरी कोण होते? 1985 साली जागतिक बँकेच्या साह्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला, त्यात गोराई आणि चारकोप येथे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना आखलेले भूखंड व मूलभूत सोयी देऊन घर ज्याचे त्याने हळूहळू बांधावे, अशी योजना होती. ती योजना स्वतः चांगलीच होती, आणि तिच्यामुळे हजारो कारकून, कामगार, शिपाई व शिक्षक ह्या महागड्या नगरीत स्वतःच्या दाराचे मालक झाले. परंतु ज्या शासनाने एका हाताने हे भूखंड वाटले, त्याच्याच छत्राखालील महानगरपालिका दुसऱ्या हाताने त्यांच्या शेजारी कचरा ओतत होती, आणि दोन्ही कामे आपापल्या फायलींत अगदी नियमशीर चालली होती. आपल्या राज्यकारभाराची ही जुनी तऱ्हा आहे: प्रत्येक खात्याचे दफ्तर निर्दोष असते, फक्त दोन दफ्तरे एकमेकांना भेटत नाहीत.

हे सारे आज पुन्हा उकरून काढावयाचे कारण कॅलेंडरात आहे. नागरी घनकचऱ्याविषयी 2000 साली केंद्राने जे नियम केले, आणि 2016 साली त्यांच्या जागी जे नवे नियम आणले, त्या दोहोंतही बंद केलेल्या भरावाची निगा किमान पंधरा वर्षे राखावी, त्याच्या आवरणाची, झिरपणाऱ्या पाण्याची, भूजलाची आणि वायूची देखरेख चालू ठेवावी, असे बंधन घातलेले होते. आणि त्यालाच जोडून असेही म्हटले होते की, ही पंधरा वर्षे सरल्यावर, वायू व पाणी प्रमाणात असल्याची आणि जमीन स्थिर असल्याची खात्री करून, त्या जागेचा वस्तीसाठी अथवा अन्य कामासाठी विचार करता येईल. गोराईचे बंद करण्याचे काम 2009 च्या सुमारास पुरे झाले असे धरले, तर ती पंधरा वर्षे उलटून गेली. म्हणजे नियमांच्या मोजणीने गोराईची टेकडी आता वयात आली आहे. आणि ज्या महानगरात चौरस फुटाचा भाव ऐकून मनुष्याची छाती दडपते, तेथे अशी एखादी जमीन वयात आली की तिला मागण्या घालणारे किती निघतील, ह्याची कल्पना वाचकाने स्वतःच करावी.

प्रश्न असा की सोळाव्या वर्षापासून पुढे ह्या टेकडीची राखण कोणी करावयाची, आणि कोणाच्या पैशाने? विषारी किंवा दूषित जागा स्वच्छ करण्यासाठी सरकारने अनुदान द्यावे की नाही, ह्या सध्या चाललेल्या चर्चेत हा प्रश्न मला जवळजवळ कोठेच दिसत नाही. चर्चा होते ती कचरा उचलण्याच्या, तो चाळण्याच्या आणि जाळण्याच्या पैशाची. जो पैसा निविदेत मावतो, ज्याचे भूमिपूजन करता येते आणि ज्याची समाप्ती फलकावर लिहिता येते, तो पैसा सरकारला देता येतो. ज्या कामाला समाप्तीच नाही, त्याला अनुदान द्यावयाचे कसे, हे आपल्या लेखासंहितेला अजून सुचलेले नाही.

गोराईच्या बाबतीत तर ह्या राखणीचा भार बाजारावर टाकण्याचा एक प्रयोगही होऊन गेला. मिथेन जाळल्याने हवामानाची जी हानी टळते, तिची मोजदाद करून तिची प्रमाणपत्रे श्रीमंत देशांना विकावयाची, अशी क्योटो कराराच्या अंतर्गत जी व्यवस्था होती, तिच्यात हा प्रकल्प नोंदविण्यात आला, आणि आशियाई विकास बँकेच्या कार्बन निधीने त्या भावी प्रमाणपत्रांपोटी पालिकेला आगाऊ रक्कमही दिली. कल्पना हुशारीची होती. कचऱ्यानेच आपल्या अंत्यविधीचा खर्च भागवावा, असा तो हिशेब होता. पण 2012 साली त्या प्रमाणपत्रांचा जागतिक भाव कोसळला, आणि युरोपातील कोणा दलालाच्या फळ्यावरील आकडा खाली आला म्हणून गोराईच्या ढिगातील वायू काही निघावयाचा थांबला नाही. ज्या कर्तव्याची मुदत पिढ्यांनी मोजावयाची, ते बाजारभावाच्या खुंटीला टांगून ठेवणे शहाणपणाचे नव्हे, एवढे तरी त्या अनुभवाने शिकविले.

आता कोणी म्हणेल की हा सारा घरगुती कचरा आहे, त्याला विषारी म्हणण्याचा आततायीपणा कशाला? ह्याचे उत्तर तारखांत आहे. घातक कचऱ्याविषयीचे पहिले नियम आपल्या देशात 1989 साली झाले, आणि दवाखान्यांतील कचऱ्याविषयीचे 1998 साली. म्हणजे गोराईच्या आयुष्यातील पहिली 17 वर्षे तरी, कारखान्यातला गाळ आणि स्वयंपाकघरातली साले ह्यांच्यामध्ये रेघ ओढणारा कोणताही स्वतंत्र नियम अस्तित्वात नव्हता, आणि शस्त्रक्रियेच्या पट्ट्यांना तर आणखी 9 वर्षे थांबावे लागले. त्या काळात तेथे नेमके काय आले, हे छातीठोकपणे सांगणारा मनुष्य नाही आणि कागदही नाही. त्यानंतरही, फुटकी ट्यूबलाइट, संपलेल्या बॅटऱ्या, मुदत टळलेली औषधे, ढेकणांच्या औषधाचा डबा, हे सारे आपण कोणत्या डब्यात टाकले हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. 2016 च्या नियमांनी अशा घरगुती घातक कचऱ्यासाठी दर 20 चौरस किलोमीटरांमागे एक संकलन केंद्र असावे असे सांगितले. आपल्या भागातील असे केंद्र कोठे आहे हे सांगू शकणारा शेजारी बोरीवलीत मला तरी सहजी भेटणार नाही.

केंद्र सरकारने 2025 च्या जुलैमध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नवे नियम प्रसिद्ध केले. फार वर्षांपासून हवे होते ते ह्या नियमांनी दिले, हे प्रथम कबूल करावयास हवे: संशयित जागांची माहिती स्थानिक संस्थेने अथवा जिल्हा प्रशासनाने सहा महिन्यांनी एकदा कळवावी, प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठराविक मुदतीत तिची तपासणी करावी, दोषी कोण हे ठरवून शुद्धीकरणाचा खर्च त्याच्यावर बसवावा, आणि दोषी सापडत नसेल किंवा त्याची ऐपत नसेल तर तो खर्च केंद्राने व राज्याने मिळून सोसावा. देशात अशा शंभरावर जागा निश्चित झालेल्या असताना शुद्धीकरण सुरू झालेल्या जागा एका हाताच्या बोटांहून थोड्याच अधिक होत्या, हे पाहता हा कायदा उशिरा का होईना, पण झाला हे बरे झाले. मात्र त्याच नियमांत एक अपवाद आहे: नागरी घनकचऱ्याच्या डम्पिंगमुळे झालेले दूषण त्यांच्या कक्षेबाहेर ठेवले आहे, आणि त्या कचऱ्यात घातक द्रव्ये मिसळून त्यांचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्याचे सिद्ध झाले तरच ती जागा आत येते. मर्यादा ओलांडली हे सिद्ध व्हावयाचे तर मोजणी हवी. मोजणीला पैसा हवा. आणि पैसा तर जागा नियमांच्या कक्षेत आल्यावरच मिळावयाचा.

पैशाची दुसरी थैली स्वच्छ भारत अभियानाची. 2021 साली सुरू झालेल्या त्याच्या दुसऱ्या पर्वात जुने डम्पिंग हटविण्यासाठी केंद्राचे साह्य आहे, आणि ते देताना दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांना 25 टक्के, एक ते दहा लाखांच्या शहरांना 33 टक्के व त्याहून लहान गावांना निम्मा हिस्सा असा न्याय लावला आहे, तो मला योग्य वाटतो. पण तेथेही साह्य आहे ते ढीग उपसण्यासाठी. गोराईचा ढीग उपसलेला नाही, तो झाकला आहे. तेव्हा एका थैलीच्या दृष्टीने तो पुरेसा विषारी नाही आणि दुसरीच्या दृष्टीने त्याचे काम होऊन गेले आहे.

ह्याउलट देवनारकडे पाहावे. 1927 पासून चालत आलेल्या त्या डम्पिंगवरील 1 कोटी 85 लाख टन कचरा हटविण्यासाठी 2,368 कोटी रुपयांच्या कामाची निविदा 2025 साली काढण्यात आली. मुलुंडचे 24 हेक्टरांवरील सुमारे 70 लाख टन चाळण्याचे काम त्यापूर्वीच, 2018 पासून, सुरू झाले होते. देवनारला जानेवारी 2016 मध्ये लागलेल्या आगीने साऱ्या पूर्व उपनगरांचे डोळे चुरचुरले होते, तेव्हाही हा कचरा तेथेच होता आणि त्याचे विष तेवढेच होते. तथापि काम मार्गी लागले ते त्यातील 124 एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यावयाचे ठरल्यावर. विष कोठे अधिक आहे ह्यावरून नव्हे, तर जमीन कोठे हवी आहे ह्यावरून आपल्याकडे शुद्धीकरणाचा अग्रक्रम ठरतो, असे अनुमान कोणी काढले तर त्याला दोष देता येईल काय?

जमीन हवी असली की काय होते ह्याचा दाखला शोधावयास फार दूर जावे लागत नाही. मालाडचे चिंचोली बंदर हे असेच डम्पिंग होते. ते बंद झाल्यावर त्याच्या परिसरात काचेच्या भिंतींची कार्यालये उभी राहिली, आणि काही वर्षांनी तेथील संगणक एकामागून एक नादुरुस्त होऊ लागल्याच्या, आणि त्याचा संबंध जमिनीतून वर येणाऱ्या वायूंशी जोडणाऱ्या बातम्या वृत्तपत्रांत झळकल्या. त्या यंत्रांच्या तारा काळवंडल्या म्हणून निदान बोभाटा तरी झाला. माणसांच्या फुप्फुसांना हमीपत्र जोडलेले नसते.

परदेशांनी हे प्रश्न अधिक चांगले सोडविले असे समजणाऱ्यांनी अमेरिकेतील नायगारा फॉल्स गावची कथा मुळातून वाचावी. तेथील लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट खोदलेल्या कालव्यात एका रसायन कंपनीने सुमारे 21 हजार टन विषारी द्रव्ये पुरली, 1953 साली ती जागा एका डॉलरला शाळामंडळास विकली, आणि विक्रीच्या दस्तऐवजात जमिनीखाली रसायने असल्याचे स्पष्ट नमूद केले. तरीही तेथे शाळा झाली, घरे झाली, आणि तळघरांत रसायने झिरपू लागल्यावर 1978 साली शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. ह्याच प्रकरणातून 1980 चा सुपरफंड कायदा जन्मास आला: तेल व रसायन कंपन्यांवर कर बसवावा, त्यातून निधी उभारावा, सरकारने आधी जागा स्वच्छ करावी आणि मागाहून दोषीकडून वसुली करावी. योजना उत्तम; पण 1995 साली त्या कराची मुदत संपली, अमेरिकन काँग्रेसने ती वाढविली नाही, आणि निधी आटत जाऊन पुढील पाव शतक हा भार मुख्यतः सामान्य करदात्याच्या खांद्यावर राहिला; रसायनांवरील कर पुन्हा लावण्याचा कायदा झाला तो 2021 साली.

आपणही ह्या बाबतीत मागे नाही. 2010 साली दगडी कोळशावर जो उपकर बसविला, त्यातून स्वच्छ ऊर्जा निधी निर्माण झाला, आणि काही विषारी जागांच्या शुद्धीकरणाची तयारी त्याच निधीतून चालली होती; सात वर्षांत सुमारे 86 हजार कोटी रुपये वसूल झाले, त्यांतील जेमतेम तिसरा हिस्सा प्रत्यक्ष निधीत जमा झाला, आणि 2017 साली वस्तू व सेवा कर आल्यावर तो उपकरच राज्यांच्या भरपाईकडे वळविण्यात आला. भोपाळचे उदाहरण तर सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. 1984 च्या डिसेंबरातील वायुगळतीच्या त्या रात्रीनंतर 40 वर्षे कारखान्यात पडून राहिलेला 337 टन कचरा 2025 च्या जानेवारीत पीथमपूरला नेण्यात आला आणि जूनअखेरीस जाळून संपविण्यात आला, त्यासाठी केंद्राने 126 कोटी रुपये दिले. आता जाळलेल्या कचऱ्याहून त्याच्या राखेचे व अवशेषांचे वजन अधिक भरले आहे, ते कोठे पुरावयाचे ह्यावर वाद उभा राहिला, आणि भोपाळच्या त्या आवारातील माती व भूजल तसेच आहे.

तेव्हा सरकारी अनुदानाला माझा विरोध नाही; विरोध आहे तो बिनशर्त आणि एकरकमी अनुदानाला. ह्यावर दोन आक्षेप येतात. एक असा की 2025-26 साठी 74 हजार कोटींचे अंदाजपत्रक मांडलेल्या मुंबईला अनुदान कशाला? खरे आहे; मुंबईला पैशाची गरज नाही, शर्तीची आहे, आणि अनुदान हाच शर्त घालण्याचा एकमेव सभ्य मार्ग आहे, कारण ज्याच्याकडून चार पैसे घेतले त्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. दुसरा आक्षेप असा की सरकारने खर्च केला की प्रदूषक मोकळा सुटतो. त्यावर तोडगा आपल्या महसुली परंपरेतच आहे: सरकारने आधी खर्च करावा आणि ती रक्कम दोषीकडून जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करावी. तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेने हरित न्यायाधिकरणाकडे धाव घेतली, आणि 2022 च्या जानेवारीत शंभरावर कारखान्यांना भरपाईचा आदेश झाला. मासळी गेलेल्या कोळ्यांनी जे करून दाखविले, ते तहसीलदार हाताशी असलेल्या सरकारला अशक्य नसावे.

शर्ती मोजक्या असाव्यात. शेतकऱ्याने विहिरीच्या पंपासाठी सोसायटीचे कर्ज काढले तर त्याचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढतो आणि फेडीची पावती दाखविल्यावाचून उतरत नाही. मग 23 लाख टनांचा बोजा ज्या जमिनीवर आहे, तिच्या अधिकार अभिलेखात आणि मिळकत पत्रिकेवर त्याची ठसठशीत नोंद असावयास नको काय? अशी नोंद चढविल्यावाचून शुद्धीकरणाच्या अनुदानाचा पहिला हप्ताही सुटू नये. मात्र लव्ह कॅनॉलचा दस्तऐवज हेही सांगतो की नुसत्या नोंदीने भागत नाही, ती वाचणारा मनुष्य लागतो, आणि तो नेमून त्याला पगार द्यावा लागतो. म्हणून अनुदानाचा ठराविक हिस्सा स्वतंत्र ठेवीत गुंतवून त्याच्या व्याजावर देखरेख चालावी, आणि ही देखरेख पंधराव्या वर्षी नियमाने न संपता, वायू व पाणी सलग काही वर्षे प्रमाणात आल्यावरच संपावी.

बोरीवलीपुरते बोलावयाचे तर आर मध्य विभागाच्या कार्यालयात ह्या टेकडीचे एक दफ्तर ठेवावे: भोवतालच्या निरीक्षण-विहिरींतील पाण्याचे आकडे, वायूचे आकडे, आवरणाला कोठे भेग गेली आणि ती केव्हा बुजविली, भरतीचे पाणी कोठवर चढले, आणि त्याची मराठी प्रत गोराई व चारकोपच्या रहिवाशांना व खाडीपलीकडील कोळीवाड्याला मागितल्याबरोबर मिळावी, माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून महिनाभर वाट पाहावी लागू नये. एक अभियंता, एक प्रयोगशाळा साहाय्यक, एक कारकून, गंजलेल्या नळ्यांची बदली आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर खचलेल्या मातीची भर, एवढाच ह्याचा खर्च. देवनारच्या आकड्याशेजारी तो मांडला तर अंदाजपत्रकात त्याला स्वतंत्र ओळसुद्धा मिळावयाची नाही; आणि ओळ मिळत नाही म्हणूनच तरतूद होत नाही, तरतूद होत नाही म्हणूनच हे काम करणारा मनुष्य नेमला जात नाही.